रेणू, मात्रा आणि वेळ
डोके आणि मानेच्या कॅन्सरवरील नव्या औषधांविषयीच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना

ओठांपासून स्वरयंत्रापर्यंतचा प्रदेश जेमतेम वीतभराचा. खाणे, गिळणे, बोलणे, श्वास घेणे आणि चारचौघांत तोंड दाखवणे ही सगळी कामे एवढ्याशा जागेत दाटीवाटीने चालतात. तिथे कॅन्सर झाला की उपचार करणाऱ्याला दोन हिशेब एकदम मांडावे लागतात : माणूस किती जगेल आणि कसा जगेल. अर्धा जबडा काढून जीव वाचतो, पण पुढे भाकरी कुस्करून, कधी मिक्सरमधून काढून खावी लागते. स्वरयंत्र काढले की आवाज जातो आणि श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून सुरू होतो. रेडिएशनने गाठ जाते, पण लाळही आटते. उपचाराची किंमत इथे रुग्णाच्या चेहऱ्यावरच दिसते. म्हणून या रोगावर नवे औषध येत असल्याची बातमी आली की रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर तिघेही कान टवकारतात.

हा संग्रह त्या बातम्यांमागच्या विज्ञानाविषयी आहे. डोके आणि मानेच्या कॅन्सरवर सध्या कोणती औषधे घडत आहेत, ती चाचणीच्या कोणत्या पायरीवर आहेत, कोणती गळून पडली आणि का, हे मराठी वाचकाला एका जागी समजावे, एवढाच त्यामागचा हेतू. प्रस्तावनेचे काम या प्रदेशाचा नकाशा काढून देण्याचे. तो काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. या रोगात नवा रेणू सापडला म्हणून जेवढे पाऊल पुढे पडले, तेवढेच, कधी त्याहून मोठे पाऊल, हाती असलेला रेणू कोणाला, केव्हा, किती आणि कशाच्या जोडीने द्यायचा हे उमगल्यामुळे पडले. पुढचे सगळे विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

आधी रोगाची ओळख. तोंडाची पोकळी, घसा, स्वरयंत्र, नाकामागची पोकळी, सायनस आणि लाळग्रंथी यांचे कॅन्सर या गटात येतात. मेंदूचे कॅन्सर यात धरत नाहीत. यांतले साधारण ९० टक्के कॅन्सर आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून सुरू होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखे दिसतात, पण त्यांची कुळे निरनिराळी आहेत. पहिले कूळ तंबाखू, सुपारी आणि दारूचे. दुसरे ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे, म्हणजे एचपीव्हीचे. ते मुख्यतः टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होते. तिसरे एपस्टीन-बार विषाणूशी जोडलेले, नाकामागच्या पोकळीतले. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडमध्ये ते विशेष आढळते. २०१०मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीच्या विश्लेषणात घशाच्या कॅन्सरचे रुग्ण एचपीव्हीनुसार वेगळे काढले, तेव्हा तीन वर्षांनंतर एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२ टक्के, तर नसलेल्यांपैकी ५७ टक्के रुग्ण हयात होते. जागा तीच, उपचार तेच, आणि निकालात एवढे अंतर. तेव्हापासून या गटातल्या कोणत्याही औषधाविषयी बोलताना ‘कोणत्या कुळातला कॅन्सर?’ हा प्रश्न टाळता येत नाही.

आपल्याकडे पहिले कूळ फार मोठे आहे. भारतीय पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक आढळतो. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे. विदर्भातला खर्रा, पश्चिम महाराष्ट्रातली मशेरी, चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार, गुटखा अशी त्याची परिचित कारणे आहेत. महाराष्ट्राने २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी पुड्या मिळत राहिल्या. नुसती सुपारीही निर्दोष नाही. तिला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये निश्चित कर्ककारक ठरवले. बार जिथे धरला जातो त्या गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीतच आपल्याकडचा कॅन्सर बहुधा सुरू होतो. पाश्चात्त्य चाचण्यांतला सर्वसाधारण रुग्ण घशाच्या कॅन्सरचा असतो, आणि त्यांत एचपीव्हीचा वाटाही मोठा असतो. अशा चाचणीचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होऊ शकते.

जनुकांच्या पातळीवरही हा फरक तपासला गेला आहे. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि नवी मुंबईतील टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र यांच्या पुढाकाराने भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय आराखडा २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने २०१५मध्ये २७९ गाठींचा आराखडा मांडला. दोन्हींत काही जनुके समान निघाली, काही भारतीय गाठींतच ठळकपणे पुढे आली. औषध बनवणाऱ्यांच्या दृष्टीने त्यातली कटू बाब अशी की, तंबाखूच्या कुळात बहुतेक बिघाड पेशीला आवर घालणाऱ्या जनुकांत झालेला असतो. जास्त काम करणारे प्रथिन औषधाने रोखता येते. नाहीसे झालेले प्रथिन परत आणणे फार अवघड. फुप्फुसाच्या काही कॅन्सरांत एक गोळी जादूसारखी चालते आणि तोंडाच्या कॅन्सरात तशी गोळी अजून मिळत नाही, त्याचे एक मोठे कारण हे.

औषध या क्षेत्रात उशिरा आले. व्हिएन्नातल्या थिओडोर बिलरोथ यांनी १८७३मध्ये कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. मानेतल्या गाठी पद्धतशीर काढण्याची शस्त्रक्रिया जॉर्ज क्राइल यांनी १९०६मध्ये मांडली. त्याच सुमारास रेडियम आणि क्ष-किरण आले. पुढची अनेक दशके उपचार म्हणजे सुरी किंवा किरण, किंवा दोन्ही. औषध मिळे ते या दोन्हींनी हात टेकल्यावर, थोडा आराम पडावा म्हणून. मेथोट्रेक्सेट हे त्या काळातले प्रमुख औषध. त्याचे नाव लक्षात ठेवावे. अनेक दशकांनंतर ते मुंबईत नव्या भूमिकेत परत येते.

चित्र बदलले ते सिस्प्लॅटिनने. मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग १९६५च्या सुमारास विजेचा जिवाणूंवर होणारा परिणाम तपासत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले ते विजेमुळे नव्हे. ते इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनमपासून तयार झालेल्या संयुगामुळे थांबले होते. त्यातून निघालेल्या औषधाला १९७८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही दुसऱ्या कॅन्सरांसाठी. १९९१मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील चाचणीने दाखवले की सिस्प्लॅटिन आणि फ्लुरोयुरॅसिल आधी देऊन मग रेडिएशन दिले, तर ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचते आणि आयुष्य कमी होत नाही. पुढे सिस्प्लॅटिन रेडिएशनच्या आधी देण्याऐवजी सोबत दिले तर अधिक फायदा होतो असे दिसले. अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात पाच वर्षांच्या जगण्यात ६.५ टक्क्यांची भर पडली. २००४मध्ये एक युरोपातली आणि एक अमेरिकेतली अशा दोन चाचण्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या धोक्याच्या रुग्णांतही हीच जोडी उपयोगी ठरवली. या सगळ्या प्रवासात रेणू एकच आहे. पालटली ती त्याची वेळ.

मग मात्रेचा प्रश्न. भारतात सोय म्हणून सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडे थोडे देण्याची पद्धत रुळली होती. टाटा मेमोरियलमधील ३०० रुग्णांच्या चाचणीने २०१८मध्ये दाखवले की आठवड्याला ३० मिलिग्रॅमच्या तुलनेत तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅमच्या मात्रेने रोग अधिक रुग्णांत आटोक्यात राहतो; दोन वर्षांनंतर हे प्रमाण ५८.५ विरुद्ध ७३ टक्के होते. त्याची किंमत मूत्रपिंड, ऐकू येणे आणि उलट्या यांच्या रूपात अधिक मोजावी लागते. २०२२मध्ये जपानी चाचणीने शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी आठवड्याला ४० मिलिग्रॅम हा मधला मार्ग पुरेसा ठरवला. ही मिलिग्रॅम शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे मोजतात. दहा मिलिग्रॅमच्या या वादाची वर्तमानपत्रांनी फारशी दखल घेतली नाही, पण अनेक नव्या औषधांच्या बातम्यांपेक्षा त्याचा रुग्णांशी संबंध जवळचा आहे.

किमो हा औषधविचाराचा पहिला संप्रदाय; दुसरा लक्ष्यवेधी उपचारांचा. या कॅन्सरांच्या बहुतेक पेशींवर ईजीएफआर नावाचा ग्राहक (रिसेप्टर) मोठ्या संख्येने असतो आणि तो पेशीला वाढीचा संदेश देत राहतो. त्याला अडवणारे सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड रेडिएशनच्या जोडीने २००६मध्ये यशस्वी ठरले. पसरलेल्या रोगात किमोबरोबर ते दिल्यावर मध्यक जगणे ७.४ वरून १०.१ महिन्यांवर गेले, हे २००८मध्ये कळले. मग मोह झाला. एचपीव्हीच्या रुग्णांचा रोग बरा होण्यासारखा असतो, तर त्यांना सिस्प्लॅटिनचा त्रास कशाला, त्याऐवजी सेटुक्सिमॅब द्यावे, असा तर्क मांडला गेला. दोन मोठ्या चाचण्यांनी तो पुरता खोटा ठरवला : सेटुक्सिमॅबवर जास्त रुग्ण दगावले आणि एकूण त्रासही फारसा कमी झाला नाही. तर्काला चाचणीपुढे हार खावी लागते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण या क्षेत्रात नाही. क्युबात विकसित झालेले आणि २००६पासून बायकॉनने भारतात आणलेले निमोटुझुमॅब हे याच घराण्यातले औषध. टाटा मेमोरियलच्या ५३६ रुग्णांच्या चाचणीत ते सिस्प्लॅटिन-रेडिएशनला जोडल्यावर रोग पुन्हा वाढण्याचे प्रमाण घटले. एकूण जगण्यातला फरक मात्र निर्णायक नव्हता.

तिसरा संप्रदाय प्रतिकारशक्तीचा, म्हणजे इम्युनोथेरपीचा. रोगाशी लढणाऱ्या आपल्या टी पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कॅन्सरची पेशी आपल्या पीडी-एल१ या प्रथिनाने तो दाबून ठेवते आणि टी पेशी गप्प बसतात. जपानच्या तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत हा रेणू १९९२मध्ये सापडला, आणि अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांच्याबरोबर त्यांना २०१८चे नोबेल मिळाले. हा ब्रेक सोडवणारी निवोलुमॅब आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे २०१६मध्ये या कॅन्सरसाठी अमेरिकेत मान्य झाली. सिस्प्लॅटिननंतरही रोग वाढलेल्या रुग्णांमध्ये एका वर्षानंतर निवोलुमॅबवरचे ३६ टक्के हयात होते, तर जुन्या औषधांवरचे जवळपास १७ टक्के. २०१९मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब पसरलेल्या रोगात पहिल्या पायरीवर आले. तेव्हापासून गाठीवर पीडी-एल१ किती आहे, याचा सीपीएस नावाचा आकडा रुग्णाच्या फाइलमध्ये दिसू लागला. यश खरे आहे, पण त्याची सीमाही खरी आहे : एकट्या इम्युनोथेरपीने ठळकपणे आक्रसणाऱ्या गाठी साधारण सहा-सात रुग्णांमागे एकाच्या. ज्याला गुण येतो त्याला तो कधी वर्षानुवर्षे टिकतो. बाकीच्यांचे काय, हा आजच्या बहुतेक नव्या औषधांच्या मुळाशी असलेला प्रश्न.

पुढे वेळेचा धडा पुन्हा गिरवावा लागला. बरा होऊ शकणाऱ्या रोगात रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनबरोबरच इम्युनोथेरपी दिली तर दुधात साखर, असे वाटले होते. याच घराण्यातल्या अ‍ॅव्हेलुमॅबची मोठी चाचणी निष्फळ ठरली, पेम्ब्रोलिझुमॅबचीही अपेक्षित पल्ला गाठू शकली नाही. मानेवरचे किरण ज्या लसिका ग्रंथींवर पडतात तिथेच टी पेशी तयार होतात, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. मग उलट विचार झाला : गाठ आणि ग्रंथी जागेवर असतानाच, शस्त्रक्रियेच्या आधी औषध द्यावे. ७१४ रुग्णांच्या कीनोट-६८९ चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबचे दोन डोस शस्त्रक्रियेपूर्वी आणि उरलेले नंतर दिले. तीन वर्षांनंतर रोग न उलटलेले, न वाढलेले रुग्ण ४६ वरून ५८ टक्क्यांवर गेले. यात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण बहुसंख्येने होते, ही आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब. जून २०२५मध्ये अमेरिकेने पीडी-एल१ असलेल्या गाठींसाठी या क्रमाला मान्यता दिली. त्याच वर्षी फ्रान्समधील संशोधकांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या रेडिएशन-सिस्प्लॅटिनला निवोलुमॅब जोडल्यावरही तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ५२.५ वरून ६३ टक्क्यांवर गेले. म्हणजे किरणांसोबत हे औषध चालतच नाही असाही सरळ नियम नाही. गाठ आधी काढलेली आहे की नाही, यानेही निकाल पालटतो असे दिसते. काही वर्षांपूर्वी फसलेल्या औषधघराण्याने केवळ जागा बदलून हे यश मिळवले.

आता घडत असलेल्या औषधांकडे वळू. त्यांचे ढोबळ प्रवाह असे. पहिला, आणि सध्या सर्वांत गजबजलेला, दुहेरी प्रतिपिंडांचा. पेटोसेमटामॅब एका हाताने ईजीएफआर पकडते, दुसऱ्या हाताने एलजीआर५ हा दुसरा ग्राहक. फिसेराफस्प अल्फा ईजीएफआरबरोबर गाठीभोवती प्रतिकार दडपणारा टीजीएफ-बीटा अडवते. ते बनवणारी बायकारा ही अमेरिकेतली कंपनी मुळात बंगळुरूच्या बायकॉनने उभी केलेली. अमिव्हँटामॅब ईजीएफआर आणि एमईटी असे दोन दरवाजे बंद करते. यांतली पहिली दोन पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीने दिल्यावर सुरुवातीच्या छोट्या गटांत निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. पेटोसेमटामॅबच्या ४३ रुग्णांत हे प्रमाण ६३ टक्के होते. ही संख्या आशादायक आहे, पण गट लहान आहेत आणि तुलनेला दुसरी बाजू नाही. दोन्ही औषधांच्या मोठ्या तुलनात्मक चाचण्या त्यासाठीच सुरू झाल्या.

दुसरा प्रवाह औषधवाहू प्रतिपिंडांचा. इथे प्रतिपिंड फक्त पत्ता शोधते आणि पाठीवर बांधलेली किमो गाठीच्या पेशीत नेऊन सोडते. स्तन आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये ही पद्धत रुळली आहे. डोके-मानेत ती चाचणीच्या टप्प्यावर आहे. तिसरा प्रवाह एचपीव्हीच्या उपचारात्मक लसींचा. संसर्ग टाळणाऱ्या लसीशी त्यांची गल्लत करू नये. या लसी झालेल्या कॅन्सरमधल्या विषाणूच्या प्रथिनांविरुद्ध टी पेशी उठवतात. आपल्या गाल-हिरडीच्या रुग्णाला त्यांचा लाभ क्वचितच. चौथा प्रवाह निवडक जनुकांचा : एचआरएएस या जनुकात बदल असलेल्या थोड्या रुग्णांमध्ये टिपिफार्निबने लक्षणीय परिणाम दाखवला, पण असे रुग्ण शोधण्यासाठी शेकडो गाठींची जनुकतपासणी करावी लागते. लाळग्रंथींच्या दुर्मीळ कॅन्सरांत मात्र अशी जनुकनिष्ठ औषधे आधीच उपयोगात आहेत.

पाचवा प्रवाह औषध आणि भौतिकशास्त्र यांच्या सीमेवरचा. जपानने २०२०मध्ये प्रकाश-इम्युनोथेरपीला सशर्त मान्यता दिली : सेटुक्सिमॅबला जोडलेला रंग गाठीत पोहोचतो आणि तांबडा प्रकाश टाकला की त्या पेशी फुटतात. फ्रान्समध्ये विकसित झालेले हॅफ्नियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण थेट गाठीत टोचतात, म्हणजे तिथे रेडिएशनचा परिणाम वाढतो. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या वृद्धांमध्ये त्यांची चाचणी चालू आहे. जनुकोपचाराचा मार्ग तर जुना आहे. पी५३ जनुक विषाणूमार्फत गाठीत सोडणाऱ्या औषधाला चीनने २००३मध्येच याच कॅन्सरसाठी मान्यता दिली, पण इतर देशांनी ते स्वीकारले नाही. नाकामागच्या पोकळीतल्या कॅन्सरची वाट याहून सरळ निघाली : चीनमधून आलेल्या टोरिपालिमॅबला २०२३मध्ये अमेरिकेने मान्यता दिली आणि २०२४मध्ये ते भारतातही आले.

गळून पडलेल्यांची यादीही वाचली पाहिजे. झेव्हिनापँट हे पेशींना मृत्यू टाळू न देणारे औषध ९६ रुग्णांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत इतके चांगले दिसले की सगळ्यांच्या नजरा त्यावर खिळल्या. मोठ्या चाचणीत ते अपयशी ठरले आणि २०२४मध्ये कंपनीने काम थांबवले. मोनालिझुमॅबची सेटुक्सिमॅबबरोबरची चाचणी २०२२मध्ये मधेच बंद झाली. पेम्ब्रोलिझुमॅबला लेन्व्हाटिनिबची जोड देण्याचा प्रयोगही जगणे वाढवू शकला नाही. ही अपयशे या संग्रहात मुद्दाम सविस्तर घेतली आहेत. रुग्णाच्या घरी फक्त ‘आशेचा नवा किरण’ पोहोचतो. त्याच औषधाचा दोन वर्षांनंतरचा निकाल कोणी पोहोचवत नाही.

जगाच्या नकाशात एक रंग मुंबईच्या टाटा मेमोरियलचा आहे, आणि त्याला एक स्वतंत्र संप्रदाय म्हणावे इतके काम आता जमा झाले आहे. त्याचा प्रश्न साधा : जे औषध रुग्णाला परवडत नाही, त्याचा परिणाम कितीही चांगला असला तरी त्या रुग्णापुरता तो शून्य. म्हणून थोड्या मात्रेत, खंड न पाडता, शक्यतो तोंडावाटे औषध देण्याची मेट्रोनोमिक पद्धत इथे गांभीर्याने तपासली गेली. पसरलेल्या रोगातल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांनी सलाइनमधून दिलेल्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस निकाल दिला : मध्यक जगणे ७.५ विरुद्ध ६.१ महिने, आणि त्रासही कमी. २०२०मध्ये हे प्रसिद्ध झाले. पुढचे पाऊल अधिक धाडसी होते. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन गोळ्यांना तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब जोडले. ही मात्रा प्रचलित मात्रेच्या दहा टक्क्यांहूनही कमी. १५१ रुग्णांमध्ये एक वर्ष जगणाऱ्यांचे प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांसाठी रेडिएशनबरोबर आठवड्याला थोडे डोसेटॅक्सेल देण्याची टाटाचीच चाचणी २०२३मध्ये आली आणि दोन वर्षांचे जगणे ४२ वरून ५१ टक्क्यांवर गेल्याचे दिसले.

या कामाचे कौतुक करताना त्याच कसोट्या लावायला हव्यात ज्या परदेशी औषधांना लावतो. २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची तुलना गोळ्यांशी झाली आहे, पूर्ण मात्रेच्या निवोलुमॅबशी नाही. ‘थोडे औषध तेवढेच चालते’ असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘काहीच न मिळण्यापेक्षा थोडे खूप चांगले’ एवढे नक्की होते. पण हा निष्कर्षही लहान नाही. टी पेशींवरचा पीडी-१ व्यापण्यासाठी लागणारी मात्रा आणि कंपनीने ठरवलेली मात्रा यांत मोठे अंतर असू शकते, हा प्रश्न आता जगभर विचारला जातो आहे.

हे पुस्तक आत्ताच का, याची कारणे यातच आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी औषध देण्याच्या क्रमाला मान्यता मिळाल्याने औषधतज्ज्ञाची गाठ रुग्णाशी आता पहिल्याच आठवड्यात पडायला हवी. तालुक्याच्या दवाखान्यातून थेट शस्त्रक्रियेला पाठवण्याची सवय बदलावी लागेल. दुसरे, पहिल्या पिढीच्या इम्युनोथेरपी औषधांची पेटंटे या दशकात संपत आली आहेत आणि समरूप जैविक औषधे येऊ लागली की किमतीचे गणित पालटेल. तिसरे, तीनशेहून अधिक केंद्रे जोडणाऱ्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडसारख्या व्यवस्थेमुळे एकत्रित खरेदी आणि बहुकेंद्री चाचण्या भारतात शक्य झाल्या आहेत. नवी दुहेरी प्रतिपिंडे इथे केव्हा आणि कोणत्या भावात मिळतील, यावर आपण काही बोलू शकतो; पण त्यासाठी आधी ती काय आहेत हे समजलेले हवे.

या संग्रहातले लेख कर्करोगतज्ज्ञ, दंतवैद्य, औषधनिर्माणशास्त्राचे अभ्यासक आणि आरोग्यपत्रकार यांनी लिहिले आहेत. काही लेख एका औषधाची जन्मकथा सांगतात, काही एका चाचणीची चिरफाड करतात, काही खर्चाचा हिशेब मांडतात. त्यांच्यात मतभेद आहेत. कमी मात्रेच्या इम्युनोथेरपीवरचे दोन लेख तर उघडपणे एकमेकांच्या विरोधात आहेत, आणि आम्ही ते शेजारीशेजारी ठेवले आहेत. परिभाषेच्या बाबतीत दवाखान्यात जे बोलले जाते तेच स्वीकारले आहे : किमो, रेडिएशन, बायोप्सी, डोस. हे पुस्तक औषधाची चिठ्ठी नव्हे; आपल्या रुग्णाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

एक मर्यादाही आखली आहे. प्रतिबंध हा विषय इथे एका लेखापुरता आहे, पण त्याचे वजन सगळ्यात मोठे. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा कॅन्सर होऊ नये म्हणून औषध देण्याचे प्रयत्न झाले. १९८६मध्ये जीवनसत्त्व-अ च्या जातीतल्या औषधाने चट्टे घटले, पण औषध थांबताच परतले. एर्लोटिनिबनेही २०१६च्या अहवालानुसार कॅन्सर टळला नाही. याउलट तिरुअनंतपुरम जिल्ह्यातल्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी फक्त टॉर्चच्या उजेडात तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५मध्ये दिसले. या पुस्तकातल्या कोणत्याही रेणूला हा आकडा लोकसंख्येच्या पातळीवर अजून गाठता आलेला नाही.

मग नव्या औषधाची बातमी कशी वाचायची? संग्रहातले सगळे लेख चार प्रश्नांभोवती फिरतात. हे औषध कोणत्या कुळातल्या, कोणत्या जागेच्या कॅन्सरवर तपासले? रोगाच्या कोणत्या टप्प्यावर, शस्त्रक्रियेआधी की नंतर, किरणांसोबत की एकटे? तुलना कशाशी केली, आणि तुलनेतल्या रुग्णांना त्या काळचा उत्तम उपचार मिळाला होता का? आणि मोजले काय : गाठीचे आक्रसणे, रोग न उलटण्याचा काळ, की माणसाचे जगणे, बोलणे आणि घास गिळणे? यांतले पहिले दोन प्रश्न विचारले असते तर बरीच खोटी आशा टळली असती. शेवटचे दोन विचारले तर औषध कंपन्या आणि सरकार दोघांनाही उत्तर द्यावे लागेल. ‘हे भारतात कधी येणार?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याच्या आधी ‘हे गालाच्या कॅन्सरवर, आपल्यासारख्या रुग्णांत तपासले आहे का?’ असे विचारण्याची सवय मराठी वाचकाला लागली, तर अशा चाचण्या इथे व्हाव्यात ही मागणीही त्याच्याकडूनच येईल. ही सवय लावणे हाच या संग्रहाचा उद्देश.